साधने आणि बखरी

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात शेअर बाजारावर लेख, आणि तोही इतिहास-अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीचा, हे पाहून गावातल्या वाणिज्य महाविद्यालयातील आमची मित्रमंडळी गालातल्या गालात हसतील. हसू द्या. आमच्या उपाहारगृहात दुपारी बाराच्या सुमारास एक चक्कर मारून पाहावी. चहा निवत पडलेला असतो आणि चार डोकी एका मोबाइलवर वाकलेली असतात. पूर्वी असे दृश्य दिसले की धावसंख्या विचारण्याची पद्धत होती, आता विचारतात, "हिरवा आहे की लाल?" तेव्हा विषय आपल्या दारात येऊन बसलेलाच आहे.

माझ्या बाबतीत तो उंबरठा ओलांडून घरात आला तो गेल्या जूनमध्ये. आमचे अण्णा एस.टी.तून निवृत्त झाले. बत्तीस वर्षे कंडक्टरची नोकरी करून जी पुंजी हाती आली तिच्यातले दोन लाख रुपये शेअरमध्ये घालावेत असे त्यांच्या मनाने घेतले. का घेतले, याचे उत्तर आमच्या शेजारच्या घरात राहते. शेजारच्या काकांनी एका रसायन कंपनीचे नाव सांगितले होते, आणि काकांना ते व्हॉट्सअॅपवरच्या कुठल्याशा गटात मिळाले होते. आईला पोस्टापलीकडे जग नाही. दोघांच्या मध्ये मी. अण्णा म्हणाले, "तू अर्थशास्त्र शिकतीस न्हवं? मग बघ की जरा. इंटरनेटवर समदं असतंय म्हणं."

समदं असतंय हे खरे, आणि तीच तर अडचण. त्या आठवड्यात मी पाच-सहा ठिकाणी हिंडले. मनीकंट्रोलवर बातम्या आणि भाव यांची जत्रा. ट्रेडिंगव्ह्यूवर आलेख, ते वाचणारी माणसे एखाद्या जुन्या लिपीच्या जाणकारासारखी बोलतात आणि मला त्यातले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करते. ट्रेंडलाइनवर कंपनीला टिकाऊपणा, मूल्यांकन आणि गती अशा तीन विषयांत गुण दिलेले. टिकरटेपवर शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे एक कार्ड. स्क्रीनरवर दहा-दहा वर्षांचे आकडे एकाखाली एक, कोरडे, दुष्काळी शेतासारखे. शिवाय मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांची स्वतःची संकेतस्थळे आहेतच. ती पाहून सरकारी कचेरीतल्या दप्तरखान्याची आठवण होते. सगळे काही तिथे असते, पण कोणत्या कपाटात ते विचारत फिरावे लागते.

आता गंमत पाहा. ज्या शेअरबद्दल घरात चर्चा चालली होती त्याचा भाव होता ३३० रुपये. एका ठिकाणी त्याचा पी-ई ११ होता आणि दुसऱ्या ठिकाणी २२. पी-ई म्हणजे कंपनी एका शेअरमागे वर्षाला जो एक रुपया मिळवते त्यासाठी आपण किती रुपये मोजतो आहोत, ते गुणोत्तर. कंपनी तीच, दिवस तोच, भाव तोच. मग एका दुकानात माल स्वस्त आणि पलीकडच्या दुकानात दुप्पट महाग कसा? मला वाटले, कोणाची तरी बेरीज चुकली. दोन दिवस खर्ची घातल्यावर कळले की चूक कोणाचीच नाही. एकाने उपकंपन्यांसकट सगळ्या समूहाचा, सरलेल्या चार तिमाहींचा नफा धरला होता. तो शेअरमागे ३० रुपये होता. दुसऱ्याने फक्त मूळ कंपनीचा, मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचा नफा धरला होता. तो १५ रुपये होता. दोघांनीही आपापल्या परीने खरेच सांगितले होते. फक्त आपण कशाबद्दल सांगतो आहोत, हे बारीक अक्षरांत सांगितले होते, आणि मोबाइलवर बारीक अक्षरे कोण वाचतो?

हे माझ्यासारख्या नवशिकीच्याच वाट्याला येते असे नाही. खुद्द राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी या निर्देशांकाचा पी-ई बरीच वर्षे कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्यावरून काढला जात असे. २०२१ च्या मार्चअखेर तो समूहाच्या एकत्रित नफ्यावरून काढायला सुरुवात झाली आणि जो आकडा ४० च्या आसपास होता तो एका दिवसात ३३ च्या आसपास आला. बाजार पडला नव्हता, नफा वाढला नव्हता. मोजपट्टी बदलली होती. "बाजार ४० पटींवर आहे, महाग आहे" असे आदल्या दिवशी सांगणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय सांगावे? आणखी एक उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने आपल्या एका शेअरचे दहा शेअर केले. सत्तावीस हजारांच्या घरातला भाव सत्तावीसशेच्या घरात आला. जुने भाव दहाने भागून न घेणाऱ्या आलेखावर पाहिले तर कंपनी कोसळली असे वाटावे. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याच्याकडे दहा झाले होते, बाकी काही नाही.

या गोंधळात मला आठवण झाली ती इतिहासाच्या तासाची. आमच्या बाईंनी पहिल्याच वर्षी बखर आणि अस्सल कागद यांतला फरक फळ्यावर लिहून दिला होता. बखर ही घटनेनंतर, कोणीतरी, कोणासाठी तरी रचलेली. ती वाचायला रसाळ असते, तिच्यात सगळे एका ठिकाणी मिळते, कोण शूर आणि कोण कपटी हे आधीच ठरवून दिलेले असते. अस्सल कागद म्हणजे त्या वेळचे पत्र, हिशेब, सनद, महजर. तो तुटक असतो, रूक्ष असतो, वाचायला कष्ट पडतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली ती याच आग्रहापायी, की बखरीवर विसंबू नका, मूळ कागद शोधा. बखर टाकाऊ असते असे मात्र नाही. सभासदाची बखर बाजूला ठेवून शिवकालाचा अभ्यास कोण करील? पण ती काय म्हणून वाचायची हे माहीत असले पाहिजे.

शेअर बाजाराच्या या 'साधनां'ना मी याच कसोटीवर घासून पाहिले आणि माझ्यापुरता निकाल लागला. यातली बहुतेक साधने ही साधने नसून बखरी आहेत. अस्सल कागद वेगळेच आहेत: कंपनीचा वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, कोणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता, लेखापरीक्षकाचा शेरा, पतमापन संस्थेने कर्जाबद्दल लिहिलेले टिपण. यातले बरेचसे कंपन्यांना शेअर बाजाराकडे ठराविक मुदतीत द्यावेच लागते. वर्षाच्या पहिल्या तीन तिमाहींचे निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत, वार्षिक निकाल ६० दिवसांत, भागधारकांचा तक्ता २१ दिवसांत. हे कागद कोणालाही फुकट पाहता येतात. राजवाड्यांना दप्तरे मिळवण्यासाठी गावोगाव वणवण करावी लागली. आपल्याला ती बोटाच्या टोकावर आहेत आणि आपण वाचत बसतो गुणपत्रिका!

म्हणून माझे मत असे की साधन निवडताना ते किती सांगते हे पाहू नये. ते आपल्याला मूळ कागदापर्यंत पोचवते की नाही, हे पाहावे. माझी परीक्षा साधी आहे. पडद्यावरचा कोणताही एक आकडा धरायचा आणि त्याला विचारायचे, "बाबा रे, तू आलास कुठून?" आकडा समूहाचा की एकट्या कंपनीचा, कोणत्या तारखेचा, आणि तो ज्या कागदातून घेतला तो कागद इथून उघडतो का? या परीक्षेत मला स्क्रीनर पुढे वाटले, कारण त्याच्या एकाच पानावर आकडे आहेत आणि खाली वार्षिक अहवाल, शेअर बाजाराला दिलेल्या सूचना, पतमापनाची टिपणे, विश्लेषकांशी झालेल्या संभाषणाच्या नोंदी यांचे दुवे वर्षवार लावलेले आहेत. एकत्रित आणि स्वतंत्र असे दोन्ही हिशेब एका टिचकीसरशी आलटून पालटून पाहता येतात. त्याचा कोरडेपणा सुरुवातीला मला खटकला होता. आता तोच गुण वाटतो. ते गुणांकन करत नाही. तरी एखादा आकडा महत्त्वाचा ठरणार असेल तर मी तो बाजाराच्या संकेतस्थळावरच्या मूळ कागदाशी ताडून घेते. नक्कलकाराच्या हातून चूक व्हायचीच, मग तो बोरूने लिहिणारा असो की यंत्राने.

गुण देणाऱ्या साधनांबद्दल मी जरा कठोर आहे. शंभरापैकी ७२ असे दिसले की आपले मन विचार करायचे थांबवते. परीक्षा देऊन देऊन आपल्याला लागलेली ही खोड आहे. ७२ का, ७० का नाहीत, कोणत्या प्रश्नाला किती गुण होते, उत्तरपत्रिका कुठे आहे? हिरवा, पिवळा, लाल हे रंग तर त्याहून घातक, कारण रंगाशी वाद घालता येत नाही. हजारो कंपन्यांतून चाळीस-पन्नास बाजूला काढायला अशी चाळण उपयोगी पडते, एवढे मी मान्य करीन. धान्य चाळून झाल्यावर निवडायला मात्र सूप हातात घ्यावेच लागते.

आणखी एक गोष्ट आपण विचारत नाही, ती म्हणजे हे फुकट का? आपण आठवड्याला दहा वेळा शेअर घेतले-विकले तर कोणाचा फायदा होतो, हे पाहावे. दलालीचा व्यवसाय करणाऱ्यानेच दिलेले संशोधनाचे साधन वाईटच असेल असे मी म्हणत नाही; पण ज्या पानावर कंपनीचा ताळेबंद आहे त्याच पानावर 'विकत घ्या' हे बटण असते, तेव्हा ताळेबंद वाचण्यापूर्वीच बोट तिकडे जाते. सेबीने २०२४ च्या जुलैत रोखीच्या बाजारात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये अशा दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला होता. त्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये १८ टक्के होते ते ४८ टक्क्यांवर गेले होते, आणि या तरुणांपैकी ७६ टक्के तोट्यात होते. वायद्यांच्या व्यवहारात तर स्थिती याहून बिकट. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि सरासरी तोटा दोन लाखांच्या घरात. दोन लाख! हा आकडा वाचला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसले होते आणि समोर आई अण्णांच्या रकमेची पोस्टाची कागदपत्रे पिशवीत लावून ठेवत होती.

पैसे देऊन घेण्याच्या साधनांविषयी थोडक्यात सांगते. दोन लाख गुंतवणाऱ्याने वर्षाला पाच हजार वर्गणी भरली तर अडीच टक्के तिथेच गेले. नफा व्हायच्या आधी. विद्यार्थ्याने तरी त्या वाटेला जाऊ नये.

हे सारे मी अर्थशास्त्राच्या सरांना मोठ्या उत्साहाने सांगितले. सरांनी चष्मा पुसत विचारले, "आणि अस्सल कागदच खोटा असला तर?" मी गप्प. मग त्यांनी सत्यमची हकीकत सांगितली. ती आमच्यातल्या पुष्कळांच्या शैशवातली गोष्ट, म्हणून इथे देते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोकड आणि बँकेतली शिल्लक मिळून ५,३६१ कोटी दाखवली होती, तीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कामकाजातला नफा ६४९ कोटी, म्हणजे विक्रीच्या २४ टक्के दाखवला होता. खरा होता ६१ कोटी, जेमतेम ३ टक्के. लेखापरीक्षकांची सही होती. त्याच सप्टेंबरात कंपनीला सुशासनाचे पारितोषिकही मिळाले होते. आजची सगळी साधने त्या वेळी असती तर सगळ्यांनी सत्यमला हिरवा रंग दिला असता, आणि मूळ कागद उघडून पाहणारी मीही फसले असते.

सरांचा मुद्दा बिनतोड होता. पण विचार करता वाटले, इतिहासातही बनावट सनदा असतातच. त्या ओळखण्याची रीत एकच; एका कागदाची दुसऱ्या कागदाशी, तिसऱ्याशी गाठ घालून पाहणे. कागद खोटा असू शकतो म्हणून पुन्हा बखरीकडे वळावे असे कोणी म्हणत नाही. सत्यमच्या बाबतीत १६ डिसेंबर २००८ लाच एक धागा सुटला होता. राजू कुटुंबाशी संबंध असलेल्या दोन कंपन्या विकत घेण्याचा ठराव झाला आणि भागधारकांच्या विरोधामुळे तो लगोलग मागे घ्यावा लागला. नंतर कळले की प्रवर्तकांचे शेअर गहाण पडलेले होते. आज बहुतेक साधनांवर प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवले याचा रकाना दिसतो. प्रवर्तकांनी ते जाहीर करण्याची सक्ती सेबीने सत्यमनंतरच, जानेवारी २००९ मध्ये केली. म्हणजे त्या रकान्यालाही इतिहास आहे. तो मी आता सगळ्यात आधी पाहते.

सर आणखी एक म्हणाले, आणि ते मी लपवणार नाही. ज्याला एवढे वाचायला वेळ नाही, आवड नाही, त्याने एकेक कंपनी निवडण्याच्या भानगडीत पडूच नये. सगळ्या निर्देशांकात गुंतवणारा कमी खर्चाचा फंड घ्यावा आणि अभ्यासाला लागावे. मला हे पटते. उपाहारगृहातल्या चार डोक्यांपैकी तिघांना तरी हेच लागू आहे. पण चौथ्याला वाचायचेच असेल तर त्याने बखर वाचून लढाईला जाऊ नये, एवढेच माझे भांडण.

राहिली घरची गोष्ट. त्या रसायन कंपनीचा २४० पानांचा वार्षिक अहवाल मी गावातल्या सायबर कॅफेत निम्मा छापून आणला. अण्णांना मोबाइलवर वाचवत नाही. नफातोट्याच्या पत्रकात 'अपवादात्मक बाबी' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे टीपेचा क्रमांक. टीप उघडली तर कंपनीने जुन्या कारखान्याची जमीन विकली होती. त्याच विक्रीची रक्कम सरलेल्या चार तिमाहींच्या नफ्यात धरलेली होती. शेअरमागच्या ३० रुपयांतले १८ रुपये त्या जमिनीचे. जमीन काही दरवर्षी विकता येत नाही. उरले १२, ३३० ला १२ ने भागले तर साडेसत्तावीस. एका साधनाचे ११, दुसऱ्याचे २२ आणि माझे साडेसत्तावीस! मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

अण्णांना पी-ईचे काही वाटले नाही. इंग्रजी त्यांना बेताचे येते, पण आकडे कोणत्याही भाषेत वाचता येतात. ते रोख प्रवाहाच्या पत्रकावर बोट ठेवून बसले होते. वरून तिसऱ्या ओळीत नफा कोटींत होता आणि पानाच्या मध्यावर, कामकाजातून आलेल्या रोख रकमेपुढे, कंसात आकडा होता. कंस म्हणजे वजा, हे मी सांगितले.

"म्हंजे तिकिटं फाडली, पर पैसं आलं न्हाईत," अण्णा म्हणाले.

मी म्हटले, उधारीवर माल गेला असेल, येणे बाकी असेल.

"आसंल. पर आमच्या डेपोत वेबिलाशी रोकड जुळल्याबिगर घरला सोडत न्हवते. ह्येंला कोण इचारतंय?"

मागच्या दोन वर्षांची तीच ओळ दाखव, असे त्यांनी सांगितले. दाखवली. एका वर्षी अधिक होती, दुसऱ्या वर्षी पुन्हा कंस. अण्णांनी चष्मा काढला, शेजारच्या काकांच्या घराकडे एकदा पाहिले, आणि आईला हाक मारून पोस्टाची ती पिशवी मागितली. दीड लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत गेले. उरलेल्या पन्नास हजारांसाठी आम्ही बापलेक रविवारी दुपारी अहवाल वाचत बसतो. आतापर्यंत चार झाले. एकही शेअर घेतलेला नाही.